वडिलोपार्जित घरातली फुलबाग : खणण्याआधी एक वर्ष

घर नावावर झालं की आतल्या वस्तूंची यादी होते. कपाटं, भांडी, बँकेचे कागद, अडगळीतली शिलाई मशीनसुद्धा लिहिली जाते. अंगणाची यादी कुणी करत नाही. मग रंगरंगोटीच्या घाईत एखाद्या रविवारी मजूर बोलावून सगळं 'साफ' होतं, ट्रॉलीभर लाल माती पडते, नर्सरीतून रोपं येतात आणि पुढच्या मे महिन्यात त्यातली बहुतेक वाळलेली असतात. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ, लक्ष्मीनगर, महाल… नागपूरच्या जुन्या वस्त्यांमध्ये हे सारखं घडतं आणि दर वेळी जीव हळहळतो. कारण त्या एका रविवारी जे उपटलं जातं, ते जमायला चाळीस-पन्नास वर्षं लागलेली असतात.

म्हणून ज्यांच्या वाट्याला असं घर आलं आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हे, की एक पूर्ण वर्ष अंगण नुसतं बघा. गाजरगवत काढा, कचरा काढा, वाळलेल्या फांद्या काढा. पण कुदळ लावू नका.

वर्षभर थांबायला सबळ कारण आहे. जुन्या अंगणातली निम्मी बाग जमिनीखाली असते. भुईचाफ्याचं उदाहरण घ्या. थंडीत त्याची पानं वाळून जातात, जागा पूर्ण मोकळी दिसते. उन्हाळ्यात, पान एकही नसताना, उघड्या मातीतून जांभळट-पांढरी सुगंधी फुलं थेट वर येतात आणि पानं नंतर पावसात फुटतात. मार्चमध्ये तिथे फरशी बसवली तर आपण काय गाडलं हे कधी कळणारही नाही. मे फ्लॉवर म्हणतात ती लाल चेंडूसारखी लिली, पावसाच्या पहिल्या सरींनंतर उमलणारी गुलाबी-पांढरी रेन लिली, निशिगंध, सोनटक्का, हळद, गुलबाक्षी, यांचे कंद किंवा गाठी अशाच दडून बसलेल्या असतात. जिथे काही उगवेल तिथे काडी रोवून तारीख लिहून ठेवा. एक साधी वही पुरते.

त्याच वहीत घराचा ढोबळ नकाशा काढा आणि ऊन टिपा. नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि भिंतीला सावलीच उरत नाही. २२ डिसेंबरला मात्र त्याच १० फुटी भिंतीची भर दुपारची सावली उत्तरेकडे जवळजवळ १० फूट लांब पडते. दक्षिणेला शेजारी दुमजली घर किंवा नवी फ्लॅट स्कीम उभी असेल तर तुमच्या अंगणाचा मोठा भाग हिवाळाभर सावलीत असतो आणि मेमध्ये भाजून निघतो. शेवंती, ॲस्टर, पिटुनिया यांना हिवाळ्यातलं ऊन हवं, म्हणजे ही जागा त्यांच्या कामाची नाही. एप्रिलमध्ये घर ताब्यात घेऊन एप्रिलच्याच उन्हावर वाफे आखले, तर ही गोष्ट डिसेंबरमध्ये कळते, आणि तोवर पैसे खर्च झालेले असतात.

घरातल्या मोठ्यांना, शेजारच्या काकूंना, जुना माळी हयात असेल तर त्याला खुर्ची देऊन अंगणात बसवा आणि विचारा. हा पारिजातक कुणी लावला, मोगरा कुठे होता, विहिरीजवळ काय फुलायचं. लोकांना घराचे हप्ते आठवत नाहीत, पण महालक्ष्म्यांच्या वेळी फुलं कुठल्या झाडाची यायची हे पक्कं आठवतं. असं ऐकलेलं प्रत्येक नाव वहीत जाऊ द्या.

माती आणि जोतं

नागपूरच्या बऱ्याच वस्त्या काळ्या मातीवर आहेत. ही माती कसदार आहे, पण स्वभावाने आडमुठी. भिजली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. श्रावणात तिच्यात पाणी साचून मुळं कुजतात आणि मेमध्ये भेगांमधून उरलीसुरली ओल उडून जाते. जुन्या घराच्या मालकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हीच फुगणारी-आकसणारी माती घराच्या पायाखाली आहे. जोत्याला चिकटून वाफा केला आणि त्याला रोज पाणी घातलं, तर एका बाजूची माती कायम फुगलेली राहते आणि जुन्या भिंतींना तडे जाऊ शकतात. म्हणून वाफा जोत्यापासून निदान ३ फूट लांब ठेवा, उतार घरापासून बाहेरच्या बाजूला द्या आणि भिंतीलगत फार तर कुंड्या मांडा. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. पुढच्या वर्षी ते भिंतीसकट निघतं.

दुसरा प्रश्न मलब्याचा. जुन्या घराची डागडुजी दोन-तीनदा झालेली असते आणि दर वेळचा चुना, विटांचे तुकडे, फुटके कवेलू मागच्या अंगणातच पसरलेले असतात. सब्बलने दोन-चार जागी दीड फूट खोल खड्डा घेऊन बघा. मातीत पांढरे खडे दिसले तर त्यावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात चुना मिसळला की अनंत, गुलाब, जास्वंद यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माळी म्हणतो खत कमी पडलं. खत भरपूर असतं. झाडाला लोह घेता येत नसतं. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर लिंबूसत्व मिसळून संध्याकाळी पानांवर फवारलं की नवी पालवी सुधारते. पण कायमचा उपाय म्हणजे अशी झाडं चुन्याच्या जागेपासून दूर, ताज्या मातीच्या वाफ्यात लावणं. फुटक्या कवेलूंचा सुंदर उपयोग म्हणजे वाफ्याची कड. उभे रोवले की बाजारातल्या कुठल्याही सिमेंटच्या कठड्यापेक्षा शोभतात, आणि ते त्याच घराचे असतात.

पाणी किती मुरतं हे बघायला तोच खड्डा काठोकाठ भरा, रिकामा होऊ द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनंतरही उभं असेल तर तिथे जमिनीच्या पातळीवर फुलझाडं लावू नका. ८ ते १० इंच उंच गादीवाफे करा. अर्धी तिथलीच काळी माती, पाव हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत, पाव हिस्सा बारीक मुरूम आणि पालापाचोळ्याचं खत, हे मिश्रण नागपुरात चांगलं चालतं. काळ्या मातीत दोन घमेली रेती मिसळून ती भुसभुशीत होत नाही, उलट अधिक घट्ट बसते. ओलं, अर्धवट कुजलेलं शेण कधीच घालू नका. हुमणी आणि उधई त्यासोबत येतात, आणि जुन्या घराच्या चौकटी-दारांना उधईचं आमंत्रण परवडत नाही. निंबोळी पेंड मिसळलेली बरी.

माती तपासून घ्यायची असेल तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा चार-पाच ठिकाणी घेऊन त्याच्या कडेची माती खरवडा, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय ज्या शहरात आहे, त्या शहरात माणसं माती न बघता रोपं विकत घेतात, याचं मला कायम वाईट वाटतं.

मे महिना समोर ठेवून आखणी

बाग करणारे बहुतेक जण डिसेंबर डोळ्यांपुढे ठेवतात. प्रदर्शनातले डेलिया, पँझी, पिटुनिया बघून मन भरतं, आणि ते गैर नाही. पण हिवाळी फुलं नागपुरात कुणालाही जमतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आडोशाला बी पेरा, ऑक्टोबरचा उष्मा ओसरला की रोपं वाफ्यात लावा, मार्चपर्यंत फुलं घ्या. एवढंच ते काम. बागेची खरी परीक्षा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा, नवतप्यात होते. म्हणून कायमची झाडं निवडताना मे महिन्यात सकाळी शहरात एक चक्कर मारा. कुणी फारसं पाणी न घालताही काय फुललं आहे ते बघा. कण्हेर, तगर, बोगनवेल, देशी चाफा, मधुमालती, शंकासूर. पाण्याची थोडी सोय असलेल्या अंगणात मोगरा. हा तुमच्या बागेचा कणा. पश्चिमेची भिंत आणि कुंपण यांच्या हवाली करा. दुपारनंतरचं ऊन ही झाडं अंगावर घेतात आणि मागच्या नाजूक झाडांना आडोसा मिळतो. कण्हेरीचे सगळे भाग विषारी आहेत, तेव्हा लहान मुलं किंवा गाई-गुरं जिथे पोचतात तिथे ती नको.

याच फेरीत महाराजबागेतही जाऊन या. भोसल्यांची ही बाग. तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, आणि बाग दुसऱ्यांच्या हाती गेली. आता ती कृषी महाविद्यालयाकडे आहे. मालक बदलत गेले तरी मोठी झाडं टिकली की बागेची ओळख टिकते, हे तिथे उभं राहून दिसतं.

नर्सरीतल्या रोपांबद्दल सांगायलाच हवं. देशभरातल्या नर्सऱ्यांमध्ये येणारी पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमची असतात, चिकट लाल मातीच्या गोळ्यात बांधलेली. हा गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला तर मुळं लाल मातीतच घुटमळतात. भोवती पाणी असूनही रोप तहानलेलं राहतं. लावण्याआधी गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सुटी करा आणि रोप दोन आठवडे सावलीत ठेवून मगच जमिनीत लावा. मोठ्या फुलांची संकरित जास्वंद दुकानात मोहात पाडते, पण अंगणात आधीच असलेली साधी लाल जास्वंद नागपूरचा उन्हाळा काढते. माझा कौल लालीला.

झाडांसाठी खड्डे मे महिन्यात खणा, दीड फूट लांब-रुंद-खोल, आणि उन्हात तापू द्या. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की भरून लागवड करा. पहिल्याच सरीला घाई करू नका, मधे उघडीप पडली की कोवळी रोपं करपतात. दसऱ्याला झेंडू हवा तर बी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पडलं पाहिजे. शेवंतीच्या मुनव्यांना पावसाळ्यात नवी जागा द्या आणि ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहा, झुडूप भरतं. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये केली की दीड महिन्यात पहिला बहर येतो. मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत ताण द्यायचा, जानेवारीअखेर छाटायचं, पानं काढायची आणि फेब्रुवारीत शेणखत घालून पाणी सोडायचं. मार्चअखेरपासून कळ्या लागतात. वर्षानुवर्षं न छाटलेला मोगरा कामातून गेला असं समजून उपटतात. त्याला जमिनीपासून फूट-दीड फुटावर कापा आणि एक उन्हाळा धीर धरा.

पाणी

उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पाइप धरून वरवर शिंपडणं हा वेळेचा आणि पाण्याचा अपव्यय आहे. रुजलेल्या झाडाला आठवड्यातून दोनदा, पहाटे, आळं भरून पाणी द्या आणि आळ्यावर तीन बोटं जाड पालापाचोळा पसरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानं झडतात तेव्हा ती जाळू नका. कोंबड्यांच्या जाळीचा ३ फुटी गोल करून त्यात भरा, अधूनमधून भिजवा. काही आच्छादनाला वापरा, उरलेल्याचं दिवाळीपर्यंत खत होतं. कोवळ्या झाडांवर एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत ५० टक्क्यांचं ग्रीन नेट बांधा.

कूलरचं पाणी झाडांना घालणं नागपुरात घरोघरी चालतं. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साठत जातात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर फारच. टाकीच्या तळाचं ते पाणी कुंडीत गेलं की पानांच्या कडा करपतात. ते फाटकाबाहेरच्या रस्त्यावर मारा, धूळ बसेल. कूलरच्या जुन्या ताट्या मात्र फेकू नका. पहिल्या दोन पावसांत अंगणात पडू द्या, क्षार धुऊन जातात, आणि मग त्या झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून चांगल्या चालतात.

घराला जुनी विहीर असेल तर ती बागेची सगळ्यात मोठी ठेव आहे. १००० चौरस फुटांच्या छतावर नागपूरच्या वर्षभराच्या साधारण १००० मिलिमीटर पावसाचं ९० हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. त्यातलं थोडं वाया गेलं तरी उरलेलं गाळून विहिरीत सोडता येतं. विहिरीवर मजबूत जाळी बसवा, हौदात गप्पी मासे सोडा. कुलूपबंद घराचं अंगण पहिल्यांदा साफ करताना मात्र गमबूट घाला, विटांच्या ढिगात हात घालू नका. सापाचा संशय आला तर सर्पमित्राला बोलवा.

घर नागपूरला आणि वारस पुण्याला किंवा परदेशी, असंही आता खूप आहे. अशांनी वाफ्यांचा, हिवाळी फुलांचा नाद सोडावा. पारिजातक, तगर, चाफा, कण्हेर, मधुमालती, बोगनवेल एवढ्यावर बाग आखावी, टाकीवरून टायमर लावलेलं ठिबक टाकावं आणि आठवड्यातून एकदा फाटक उघडणारा एक विश्वासू माणूस पगारी ठेवावा. महिनाभर ठिबकची नळी तुंबलेली राहिली तर टायमर काय करणार?

मोठी झाडं आणि वाटण्या

अंगणातलं मोठं झाड आपल्या मालकीचं असलं तरी ते तोडण्याचा निर्णय एकट्या आपला नसतो. महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा आहे. पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष मानली जातात. आजोबांनी लावलेला बकुळ त्यात बसू शकतो. मला हा कायदा आधाराचा वाटतो. भावंडांमध्ये 'सावली पडते, तोडून टाकू' असा विषय निघाला की तो हाताशी असावा.

शेवटी, ज्या घरांचं पुढे फ्लॅट स्कीममध्ये रूपांतर होणार हे ठरलेलंच आहे, तिथल्या वारसांसाठी. बिल्डरशी करार करण्याआधी दोन पावसाळे हाताशी ठेवा. पहिल्या पावसाळ्यात जुन्या झाडांची कलमं करा. जास्वंद, तगर, गावठी गुलाब पेन्सिलीएवढ्या जाड फाट्यांवर येतात. मोगरा, जाई, जुई यांची खालची फांदी वाकवून मातीत दाबा, वर वीट ठेवा. अनंत, बोगनवेल यांना गुटी बांधा : इंचभर साल गोल काढायची, भिजवलेलं शेवाळ लावायचं, प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचं, दीड-दोन महिन्यांत मुळं दिसतात. चाफ्याची फांदी उन्हाळ्यात कापून आठवडाभर सावलीत उभी ठेवा, चीक सुकला की लावा. कंद त्या-त्या मोसमात पानं पिवळी पडल्यावर काढा. प्रत्येक झाडाची निदान चार-पाच रोपं करा, कारण पहिल्या उन्हाळ्यात काही जाणारच, आणि दुसऱ्या पावसाळ्यात उरलेली भावंडांना वाटा. प्रत्येक पिशवीवर झाडाचं नाव आणि कुणी लावलं होतं ते न पुसणाऱ्या शाईने लिहा. आणि करारनाम्यात, पार्किंग आणि चटईक्षेत्राच्या कलमांसोबत, आवारातली कोणती झाडं जागेवर राहतील आणि बांधकामाच्या काळात त्यांच्या बुंध्याभोवती किती फूट जागा मोकळी सोडायची, हे नकाशावर दाखवून लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर सोडू नका.